पहिल्या दिवशी मुलाला घोड्यावर बसवू नका

दुसऱ्या दिवशीही नको. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बघू, आणि तेव्हाही मूल आणि घोडी दोघं तयार असतील तरच.

हे शहाणपण मला उशिरा आलं. लेक सहा वर्षांचा असताना कुणीतरी सांगितलं, की स्वमग्न मुलांना घोडेस्वारीचा फायदा होतो. सातारकरांना घोडा म्हटलं की महाबळेश्वर. शनिवारी गाडी काढली आणि वेण्णा तलावावर पोचलो. मक्याच्या कणसांचा धूर, हॉर्न, घोड्याच्या गळ्यात घुंगरं. घोडेवाल्याने लेकाला काखेत धरून टपकन वर ठेवलं आणि मी समोरून मोबाइल धरून "इकडे बघ, हस" करत राहिले. तो असा काही किंचाळला की घोडा दोन पावलं आडवा सरला. पडला नाही, एवढंच नशीब. त्यानंतर वर्षभर लग्नाची वरात दिसली तरी तो कान झाकून खाली बसायचा. घोडेवाल्याला बोल लावत नाही, त्याचं पोट फेऱ्यांवर आहे. घाई माझी होती.

आज तो अकरा वर्षांचा आहे. आठवड्यातून दोन सकाळी आम्ही कोरेगावच्या बाजूला एका माळावर जातो. मी आता इतरांच्या मुलांबरोबरही घोड्याच्या बाजूने चालते. नव्याने सुरू करणारे आईबाप तिथे भेटतात, त्यांना जे तोंडी सांगते तेच इथे लिहिते आहे.

आधी शब्दांचा घोळ मिटवू

हिप्पोथेरपी आणि उपचारात्मक घोडेस्वारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिप्पोथेरपीत ऑक्युपेशनल, फिजिओ किंवा स्पीच थेरपिस्ट स्वतः हजर असतो आणि घोड्याच्या चालीचा उपचाराचं साधन म्हणून वापर करतो. तिथे मूल घोडा चालवायला शिकत नाही. उपचारात्मक घोडेस्वारीत मूल त्याच्या कुवतीप्रमाणे खरोखर स्वारी शिकतं: चल म्हणणं, थांबवणं, वळवणं, खरारा करणं म्हणजे ब्रशने घोड्याचं अंग घासणं. आपल्याकडे कुणी "हिप्पोथेरपी देतो" म्हणाला तर एकच प्रश्न विचारा, थेरपिस्ट कोण आणि तो सेशनला मैदानात उभा असतो का? उत्तर गुळमुळीत आलं तर तो घोडेस्वारीचा वर्ग आहे असं समजा. वर्ग वाईट नसतो, पण थेरपीचे पैसे देऊ नका.

चालीत एवढं काय असतं? घोडा साध्या चालीने चालतो तेव्हा त्याची पाठ पुढे-मागे, वर-खाली आणि डावी-उजवीकडे, अशी तिन्ही अंगांनी हलते. आपण चालताना आपली कंबर जशी हलते, तशीच बसणाऱ्याची कंबर हलते. मिनिटाला शंभरेक पावलं धरली तर वीस मिनिटांत दोनेक हजार वेळा मुलाचं शरीर तोल सावरतं, आणि तेही कुणी "सरळ बस" न सांगता. जुने लोक ज्याला मांड म्हणायचे, ती अशी बसत जाते.

ही कल्पना रुजायला एक डॅनिश बाई कारण झाली. लिस हार्टेल. १९४४ साली पोलिओ होऊन तिचे पाय गुडघ्याखाली लुळे पडले. घोड्यावर चढायला-उतरायला तिला माणूस लागायचा. त्या अवस्थेत तिने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली करून घेण्याच्या स्पर्धेचं, रौप्यपदक मिळवलं, आणि १९५६ मध्ये पुन्हा. त्यानंतर युरोप-अमेरिकेत अपंगांसाठी घोडेस्वारीची केंद्रं उभी राहत गेली. स्वमग्न मुलांचा विचार त्या मानाने बऱ्याच उशिरा सुरू झाला.

किती अपेक्षा ठेवायची

स्वमग्नता हा आजार नाही, त्यामुळे घोडा तो "बरा" करेल हा प्रश्नच येत नाही. तशी खात्री देणाऱ्याच्या दारात उभंही राहू नका. पण सगळं ऐकीव आहे असंही नाही. २०१५ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या संशोधकांनी ६ ते १६ वयाची १२७ स्वमग्न मुलं घेऊन एक अभ्यास प्रसिद्ध केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाने दहा आठवडे घोडेस्वारी केली. दुसरा गट तबेल्यातच जायचा, घोड्यांविषयी शिकायचा, पण त्याला खरा घोडा नव्हता, घोड्याएवढं मोठं खेळणं होतं. स्वारी करणाऱ्या मुलांची चिडचिड आणि अतिचंचलपणा दुसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झाला, आणि बोलण्यात शब्द वाढलेले दिसले.

मला यातला दुसरा गट फार आवडतो. तबेला, माणसं, बाहेरची हवा हे सगळं दोन्हीकडे सारखं होतं, म्हणजे घोड्यामुळे काही होतं असं म्हणायला जागा आहे. तरी हे दहा आठवड्यांचं आणि सरासरीचं उत्तर आहे, तुमच्या मुलाचं नव्हे. ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) आणि स्पीच थेरपी बंद करून घोडा सुरू करू नका. घोडा त्यांच्या जोडीला असतो.

डॉक्टरांना काय विचारायचं

"घोड्यावर बसवू का?" असं मोघम विचारलं तर डॉक्टर हसून "बसवा की" म्हणतील. नेमकं विचारा. आकडी येते का, आणि येत असेल तर औषधाने ताब्यात आहे का? स्वमग्न मुलांत आकडीचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं, म्हणून हा प्रश्न पहिला. मुलाला डाउन सिंड्रोमही असेल तर मानेच्या वरच्या दोन मणक्यांची तपासणी झाल्याशिवाय घोड्याजवळ नेऊ नका. तिथला सांधा सैल असेल तर धक्का महागात पडतो. पाठीचा मोठा बाक, खुब्याचा सांधा निखळलेला असणं, हाडं ठिसूळ असणं, दमा, जनावराच्या केसांची ॲलर्जी हेही विचारून घ्या. नवीन औषध सुरू होऊन गुंगी येत असेल तर ते दिवस जाऊ द्या.

धनुर्वाताची लस बघा. लिदीच्या मातीत त्याचे जंतू असतात. सरकारी वेळापत्रकात पाचव्या-सहाव्या वर्षीचा बूस्टर, मग दहाव्या आणि सोळाव्या वर्षीचं इंजेक्शन असतं. आपल्यातल्या बऱ्याच जणांचं दहाव्या वर्षीचं राहून गेलेलं असतं.

चार वर्षांखालच्या मुलाला मी खोगिरावर बसवू देत नाही. आणि बाबांनी मागे बसून मुलाला पुढ्यात घेणं, हे तर अजिबात नको. दोघांचं वजन जनावराच्या कमरेवर येतं, तोल गेला तर मोठं माणूस लहानावर पडतं, आणि मुलाचं शरीर स्वतः काहीच करत नाही.

घोडा शोधताना

खरी मेहनत इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्या सातारा-सांगली या दोन्ही जिल्ह्यांत घोडा भेटतो तो चार ठिकाणी. पहिला वरातीचा. दिसायला देखणा, अंगावर झूल, माणसांत वावरलेला. पण त्याला ताशा-हलगी वाजली की पाय उचलून नाचायला शिकवलेलं असतं. तुमचं मूल पाठीवर असताना चार शेतं सोडून कुठे हळदीचा बँड सुरू झाला, तर तो इमानेइतबारे आपलं काम सुरू करेल. शिवाय तुळशीच्या लग्नानंतर सगळी लग्नसराई तो रात्री-बेरात्री राबतो आणि सकाळी आपल्याला मिळतो तो दमलेला, कावलेला. वरातीचा घोडा नकोच.

दुसरा पर्यटनाचा, पाचगणी-महाबळेश्वरचा. गर्दीला, पोरांच्या ओरडण्याला सरावलेला, हा त्याचा मोठा गुण. दोष असा, की त्याच्या डोक्यात फेरी पक्की बसलेली असते. जाताना रमतगमत, परतीला चंदीच्या ओढीने भराभर. आणि टेबललँडचा जांभा दगड, कडेला दरी, रविवारची झुंबड, ही जागा आपल्या कामाची नाही. घोडा चांगला वाटला तर मालकाशी बोला, पावसाळ्यात धंदा बंद असताना बरेच जण घोडे खाली आणतात.

तिसरा घोडेस्वारीच्या वर्गातला. यात पुष्कळदा शर्यतीतून निवृत्त झालेली उंच जनावरं असतात. उंचीमुळे बाजूने चालणाऱ्याचा हात मुलाच्या मांडीपर्यंत पोचत नाही, आणि शर्यतीचं रक्त थंड व्हायला वर्षं लागतात. त्यातली एखादी म्हातारी शांत घोडी मात्र सोनं असते.

चौथं मला सगळ्यात जवळचं, धनगरांचं तट्टू. माण-खटावकडचे किंवा जत-आटपाडीकडचे मेंढपाळ मेंढरं घेऊन फिरस्तीवर निघतात तेव्हा ज्याच्यावर बिऱ्हाड लादतात, तेच ते ठेंगणं भीमथडी. मराठ्यांच्या फौजा याच जातीवर दौडल्या. तिची आता स्वतंत्र देशी जात म्हणून सरकारदरबारी नोंद झाली आहे, ते बरंच झालं. भांडी, खाटलं, कोंबड्या, करडू आणि वर एखादं पोर, एवढं सगळं पाठीवर घेऊन डांबरी रस्त्याने एसटीच्या शेजारून जाणाऱ्या जनावराला छत्री उघडल्याचं काय भय! आमची घोडी काजळी अशीच एका धनगर कुटुंबाकडून आलेली. पण तिलाही दोन्ही बाजूंनी माणसं चिकटून चालण्याची सवय नव्हती. ती लावायला दोन महिने गेले.

घोडी किंवा खच्ची केलेला घोडा घ्या, वळू नको. आठ-दहा वर्षांच्या पुढचं वय बरं. मग परीक्षा. मुलाला घरी ठेवून तुम्ही एकट्या जा. घोडीजवळ छत्री उघडा, प्लॅस्टिकची पिशवी फडफडवा, चेंडू टाका, मोटारसायकलला किक मारायला सांगा. दोघांनी दोन बाजूंनी अंगावर हात ठेवून चालून बघा. पाठीवर चढायच्या ओट्याशी पाच मिनिटं उभी करा. चुळबुळ करते की एक पाय सैल सोडून डुलकी काढते? शेवटी तुमचं मूल ओरडतं तसं ओरडून बघा. मी माळावर उभी राहून अशी किंचाळले की शेजारच्या रानातली दोन माणसं खुरपी टाकून धावत आली. काजळीने नुसते कान वळवले. घोडी धरणारे आमचे मामा म्हणाले, "ताई, आता ही घोडी तुमचीच."

घोडीचं वजन माहीत हवं. काटा नसतो, पण शिवणकामाची टेप असते. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १४५ आणि लांबी १३५ आली तर वजन साधारण २३९ किलो. त्याच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत ओझं चालतं असा सर्वसाधारण संकेत आहे, म्हणजे ४८ किलो, त्यात खोगीरही आलं. मी त्याहून कमीच धरते. तोल न सावरणाऱ्या मुलाचं चाळीस किलो जनावराला जास्त जाणवतं. तेरा-चौदा वर्षांच्या दणकट मुलांना हे तट्टू पुरत नाही, हे आधीच समजून घ्या.

तब्येत पाहताना तंगाखाली, म्हणजे खोगीर आवळायच्या पट्ट्याखाली, जखमा, बरगड्या, खूर बघा. आणि ग्लँडर्सची तपासणी झाली आहे का, हे न लाजता विचारा. घोड्यापासून माणसाला होणारा तो गंभीर जिवाणूजन्य रोग आहे. नाकातून घट्ट शेंबूड, अंगावर गाठी-फोड ही त्याची लक्षणं. पशुधन विकास अधिकाऱ्यांमार्फत रक्ताचा नमुना देता येतो, हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात त्याची तपासणी होते. रोग निघाला तर कायद्याने जनावर मारावं लागतं, म्हणून काही मालक चाचणीला बिचकतात. बिचकणाऱ्या मालकाला नमस्कार करून परत या.

तीन माणसं, एक आवाज

एक मोतद्दार, म्हणजे घोडी धरून चालणारा, आणि दोघं बाजूला. याहून कमी माणसांत सुरुवात करू नका.

मोतद्दार घोडीच्या मानेशी चालतो. पुढे राहून ओढत नाही. दोरीचा वेढा हाताला कधीच नाही, घोडी उधळली तर हातासकट जाते. त्याने मुलाकडे बघायचंच नाही. काहीही झालं, मूल घसरलं, रडलं, तरी त्याने घोडी सोडायची नाही. हे त्यांना पटवणं अवघड जातं. पोर पडतंय म्हटल्यावर कुठला भला माणूस दोरी सोडून धावणार नाही? पण मोकळ्या सुटलेल्या घोडीच्या पायाखालीच पोर सापडतं.

बाजूचे दोघं एकेक हात मुलाच्या मांडीवरून आडवा घेऊन खोगिराची पुढची कड धरतात. दाबायचं नाही, नुसतं ठेवायचं. हात भरून येतात. मग घोडी थांबवून एकेकाने बाजू बदलायची, दोघांनी एकदम नव्हे.

बोलणार एकच जण. आमच्याकडे सुरुवातीला मी "नीट बस", आत्या "घाबरू नकोस रे सोन्या", मामा "हौ हौ", आणि कुंपणाबाहेरून आजोबा "शाब्बास पठ्ठ्या". मुलाने कुणाचं ऐकायचं? आता उजवीकडचा माणूस बोलतो, तेही ठरलेले शब्द. चल. थांब. वळ. उतर.

आईने पहिले काही आठवडे बाजूला चालू नये, असं माझं ठाम मत आहे. आपण आत असलो की मूल आपल्याकडे बघतं, घोड्याकडे नाही. झाडाखाली बसा. मोबाइल पर्समध्ये. आजीला दृष्ट काढायची असेल तर ती घरी गेल्यावर.

सामान

हेल्मेट घोडेस्वारीचंच हवं. सायकलचं मागून उघडं पडतं, मोटारसायकलचं मानेला जड. आणल्याबरोबर मुलाच्या डोक्यावर चढवू नका. आमच्या घरी दोन आठवडे ते टीव्हीशेजारी पडून होतं. मग बाबांनी घातलं, मग टेडीने, मग लेकाने पाच आकडे मोजेपर्यंत, मग दात घासताना. हनुवटीचा पट्टा टोचत होता, त्याला जुन्या बनियनचा तुकडा शिवला. ज्या मुलांना डोक्याला स्पर्श सोसत नाही त्यांना महिनाही लागतो. हेल्मेटशिवाय "आजच्या दिवस" बसवणं नाही.

पायात बंद बूट, बारीक टाच असलेले. चप्पल-सँडल रिकिबीत, म्हणजे पाय ठेवायच्या कडीत, अडकतात. सुरुवातीला आम्ही रिकिबी लावतच नाही. जाड गोधडीची घडी, त्यावर रुंद तंग आणि धरायला मूठ. उबदार पाठ मांड्यांना लागते, बरीच मुलं त्यानेच शांत होतात. काहींना तोच स्पर्श नको असतो, त्यांना खोगीर.

आणि मुलाला ओढणीने, पट्ट्याने, कशानेही खोगिराला बांधू नका. काळजीपोटी हे सुचतं. घोडी पडली किंवा उधळली तर सुटून बाजूला पडण्यात मुलाचा जीव वाचतो, बांधलेलं असेल तर नाही.

घरचा अभ्यास

फोटो काढा: गाडी, माळाचं फाटक, मामा, घोडी, खराऱ्याचा ब्रश, हेल्मेट, ओटा, घोडीची पाठ, पाण्याची बादली, परत गाडी. चिकटपट्टी लावून क्रमाने ओळीत लावा. एकेक झालं की मुलाने तो फोटो काढून डब्यात टाकायचा. शेवटच्या "परत गाडी" फोटोला फार किंमत आहे. कधी संपणार हे कळलं की मधलं सोसतं.

न बोलणाऱ्या मुलासाठी "चल" आणि "थांब"ची कार्डं घोडीच्या मानेपाशी लटकवा, किंवा मानेवर थाप म्हणजे चल असं ठरवा. मग त्याने सांगितल्याशिवाय घोडी हलता कामा नये. लेकाने पहिल्यांदा थाप मारली आणि अडीचशे किलोचं जनावर त्याच्या सांगण्यावरून चाललं, तेव्हा तो इतका चकित झाला की लगेच थांबवलं. मग परत चल. परत थांब. त्या दिवशी आम्ही जेमतेम पन्नास पावलं गेलो असू. त्याच्या ओटीच्या ताईंना मी हे सांगितलं तर म्हणाल्या, हेच तर आम्ही खोलीत वर्षभर करून घेत होतो.

जमिनीवरचे आठवडे

पहिल्या आठवड्यात कुंपणाबाहेरून. लिदीचा वास, माश्या, शेपटीचा फटकारा, फुरफुर, हे सगळं पचू द्या. मामांनी आमच्या पहिल्या दिवशी जे सांगितलं ते मी आता सगळ्यांना ऐकवते: "आज नुस्तं बघू द्या त्याला. घोडीबी बघंल. दोघांची वळख झाली की मग म्होरलं."

दुसऱ्या आठवड्यापासून खरारा. घोडीच्या डाव्या खांद्याकडून जायचं. तिला नेमकं कपाळासमोर आणि शेपटीमागे दिसत नाही. हात फडफडवणारं मूल मागून धावत आलं तर शांत घोडीही लाथ झाडू शकते, म्हणून मागच्या बाजूला चुन्याची अर्धगोल रेघ मारा. रेघ मुलांना तोंडी सूचनेपेक्षा लवकर कळते. दाबून, लांब हात मारत खरारा करणं हे हातांना आणि खांद्यांना मोठं काम आहे. काही मुलं यातच रमतात, त्यांना रमू द्या.

गाजर हातातून देऊ नका. घोडीला बोटं चाचपायची सवय लागते. घमेल्यात टाकायचं, टाकण्याचा आवाजही मुलांना आवडतो.

घोडीचे कान वाचायला शिकवा. पुढे टवकारलेले, बाजूला सैल, मागे चपटे. माणसांचे चेहरे वाचणं जड जाणाऱ्या मुलाला हे तीनच प्रकार सोपे वाटतात. माझा लेक बाबांना एकदा म्हणाला, "तुझे कान मागे आहेत." बाबा खरंच चिडलेले होते.

पाठीवर

जमिनीवरून उचलून कधीच बसवायचं नाही. दगडी ओटा किंवा दोन पायऱ्यांचा लाकडी चौथरा, घोडीच्या तंगाएवढा उंच. घोडी ओट्याला समांतर, मोतद्दार तोंडाशी, एक माणूस पलीकडच्या बाजूला. मूल पायऱ्या स्वतः चढेल, पाय स्वतः टाकेल. पाच मिनिटं लागली तर लागू देत.

पहिली स्वारी पाच मिनिटांची. मूल खुशीत असतानाच उतरवा. हळूहळू वीस मिनिटं, जास्तीत जास्त तीस. चाल साधीच. दुडकी नाही. बघणाऱ्यांना वाटतं, मुलाला मजा येईल, जरा पळवा. घोडी दुडकी गेली की मूल उसळतं आणि बाजूच्यांचा हात सुटतो. सरळ रेषा, मोठं वळण, थांबा, पुन्हा चल. हे जमल्यावर खांबाला रिंग घालणं, डाव्या हाताने उजवा कान धरणं असले खेळ. एका दिवशी एकच नवी गोष्ट.

अचानक उतरवण्याची तालीम पहिल्याच आठवड्यात करा, आधी पोतं ठेवून, मग मोठ्या मुलाला बसवून. "उतरवा" हा शब्द आला की मोतद्दार घोडी थांबवतो, डावीकडचा माणूस मुलाला कमरेत धरून आपल्याकडे ओढतो, उजवीकडचा पाय सोडवतो. डावी बाजू आधीच ठरलेली असते, वेळेवर विचार करायचा नाही.

मेल्टडाउन, म्हणजे सगळं असह्य होऊन मुलाचा बांध फुटणं, कळतो आधी. लेकाचं गुणगुणणं एका सुरात अडकतं, मग बोटं घट्ट. त्या क्षणी थांबायचं, कुणीही बोलायचं नाही, घोडीचा श्वास चालू असतोच. कधी त्यानेच निवळतं. नाही निवळलं तर उतरवायचं, आणि फोटोंच्या ओळीतल्या बादलीपाशी जायचं. "असं केलंस तर परत आणणार नाही" हे वाक्य गाडीत, घरी, कुठेही नको.

जागा, वेळ, पैसे

मऊ माती, चारी बाजूंनी कुंपण. बांबू आणि हिरवी जाळी चालते. कऱ्हाड, इस्लामपूर, सांगलीच्या पट्ट्यात राहत असाल तर ऊसतोडीच्या हंगामात आधी रस्ता बघा. दोन ट्रॉल्या आणि मोठ्याने गाणी लावून जाणारा ट्रॅक्टर मुलाला आणि घोडीला एकाच वेळी बिथरवतो. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत सुरू करून आठला संपवा. जत-आटपाडीकडे तर त्याहून लवकर. पावसाळ्यात पाय घसरतो, तेव्हा छपरात खरारा. गणपतीचे दिवस आम्ही सरळ सुट्टी घेतो.

मोतद्दाराला फेरीवर पैसे देऊ नका, वेळेवर द्या. फेरीचा हिशोब आला की पाय भरभर पडतात, त्याचा स्वभाव कितीही चांगला असो. तासाचा दर ठरवा आणि हळू चालल्याबद्दल पैसे मिळतात हे त्याला मोकळेपणाने सांगा. निरामय या सरकारी आरोग्य विम्यात वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण असतं, ते ज्यांच्याकडे आहे त्यांनी घोडेस्वारीचं बिल त्यात बसेल असं गृहीत धरू नये, आधी लेखी विचारावं.

एक वही ठेवा. तीनच रकाने: रात्रीची झोप, घरी आल्यावरचा पहिला तास, स्वतःहून केलेली एक गोष्ट. शब्द मोजत बसू नका, आपल्याला जे ऐकायचं असतं तेच आपण लिहितो. दहा आठवड्यांनी वही ओटीच्या ताईंना दाखवा, त्यांना ठरवू द्या.

काही मुलं दहा आठवड्यांनंतरही पाठीवर बसत नाहीत. आमच्याकडे आठ वर्षांची एक मुलगी आहे, दीड वर्ष येते, अजून ओट्यावर चढलेली नाही. ती येते, घमेल्यात गाजर टाकते, खरारा करते आणि काजळीच्या खांद्याला कान लावून उभी राहते. तिच्या वडिलांनी एकदा मामांना अर्धे पैसे घ्या म्हटलं, बसली तर नाही ना ती. मामांनी पूर्ण घेतले. म्हणाले, "घोडी तासभर उभी व्हती, दादा. उभं ऱ्हायचं काम सोपं नसतंय."